वायूला किती मार्क?

धाराशिव जिल्ह्यात वाऱ्याला भाव आहे. वाशी, भूम, कळंबच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्यापासून हा भाव पारावरच्या म्हाताऱ्यालाही तोंडपाठ झाला आहे. कंपनीची माणसं आधी येतात, माळावर उंच मनोरा रोवतात, कुठल्या महिन्यात वारा कुठून आणि किती वेगानं येतो याची नोंद ठेवतात आणि मगच जमिनीची बोलणी सुरू होतात. बोलणी फिसकटली किंवा मोबदला कमी वाटला, की शेतकरी थेट जिल्हाधिकारी कार्यालय गाठतात. बालाघाटाच्या डोंगररांगेवरची एकही झुळूक आता बेवारस राहिलेली नाही.

हाच वारा शहरात उतरला, की त्याची किंमत शून्य होते. तिथं त्याला मीटर नाही, बिल नाही आणि थकबाकीही नाही. ज्या गोष्टीची थकबाकी निघत नाही, तिचं काय करायचं हे कुठल्याही नगरपरिषदेला चटकन उमगत नाही.

दिल्लीला मात्र उमगलं. १० जानेवारी २०१९ रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला आणि कुठल्याही सरकारी कामाची सुरुवात होते तशी याचीही यादीनं सुरुवात केली. हवेच्या राष्ट्रीय मानकांत पाच पाच वर्षं सतत नापास होणारी शहरं वेचून काढली. आधी १०२ निघाली, पुढे ती १३१ झाली. त्यांत महाराष्ट्राची १९. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक ही मातब्बर मंडळी होतीच. त्यांच्या पंगतीला अकोला, अमरावती, जालना, जळगाव, सांगली हेही बसले. धाराशिवच्या एका अंगाला सोलापूर आणि दुसऱ्या अंगाला लातूर. हे दोघंही यादीत. मधलं धाराशिव नाही.

आता धाराशिवकराला आनंद व्हायला हवा होता. पण लातूर यादीत आहे आणि आपण नाही, एवढं कळलं की इथल्या माणसाच्या मनात पहिली शंका येते ती अन्यायाची. १९८२ साली लातूर या जिल्ह्यातून वेगळा निघाला. तेव्हापासून शिक्षणाचा ‘लातूर पॅटर्न’ लातूरला झाला, रेल्वे डब्यांचा कारखाना लातूरला आला, आणि आता प्रदूषणाचा निधीसुद्धा तिकडंच. ‘आपल्याला धूर काय कमी आहे का?’ हा सवाल चहाच्या टपरीवर अगदी गंभीरपणे विचारला जाऊ शकतो. तसं धाराशिव एका राष्ट्रीय यादीत आहेच. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातले ११२ आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिमच्या सोबतीनं हा जिल्हाही आहे. आरोग्य, शिक्षण, शेती, बँक खाती, रस्ते या सगळ्यांचं मोजमाप त्यात होतं. हवेचा रकाना नाही. आकांक्षा बाळगताना श्वास घ्यावा लागतो, हे बहुधा गृहीत धरलं असावं.

मुळात नापास व्हायचं तर आधी परीक्षेला बसावं लागतं. जिथं वर्षानुवर्षं यंत्र लावून हवा मोजली, तेच शहर अशा यादीत जाऊ शकतं. ज्या गावात यंत्र नाही, त्याची हवा कागदोपत्री निर्मळ. सोलापूरची हवा तुळजापूरकडं निघते तेव्हा तामलवाडीच्या टोलनाक्यावर तिला कुणी अडवत नाही, फास्टॅग लागत नाही. नाका ओलांडला की ती प्रदूषित शहराची हवा राहत नाही, यादीबाहेरच्या जिल्ह्याची होते. हवेला जिल्हाबदली इतकी सोपी आहे, की शिक्षकांनी तिचा हेवा करावा.

मोजली तरी निकाल फार कडक लागतो असं नाही. २०१४ साली देशात हवेचा गुणवत्ता निर्देशांक आला. त्याला सहा पायऱ्या. ‘चांगली’, मग ‘समाधानकारक’, मग ‘मध्यम’, आणि त्यानंतर वाईटाचे तीन प्रकार. निर्देशांक शंभरापर्यंत आला तरी समाधान टिकून असतं, दोनशेपर्यंत गेला तरी हवा मध्यमच. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ. तिची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली ५. म्हणजे संघटनेनं सुचवलेल्याच्या आठपट धूळ आपलं फुप्फुस कायदेशीररीत्या पचवतं. या क्षेत्रात तरी आपण आठपट पुढं आहोत.

यादीत नाव आलं की निधी येतो. निधी आला की रस्ते झाडणारं यंत्र येतं, पाणी मारणारा टँकर येतो आणि तुषार उडवणारी एक तोफ येते. या तोफेपुढं फीत कापता येते, हा तिचा मोठा गुण. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं २०२४ मध्ये या कार्यक्रमाच्या खर्चाचा हिशेब मांडला. त्यातला ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीपायी गेला होता आणि उद्योगांच्या धुरासाठी ०.६१ टक्के. यात आश्चर्य काहीच नाही. धूळ कुणाच्या मालकीची नसते. तिला नोटीस काढावी लागत नाही, ती स्थगिती आणत नाही, तिचा कुणी आमदार नसतो. चिमणीला हे सगळं असतं.

पण धुळीवर पाणी मारायचं म्हणजे पाणी लागतं, आणि गंमत इथं सुरू होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ‘जलदूत’ नावाच्या त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. त्याच लातूरचं नाव तीन वर्षांनी अशा कार्यक्रमात आलं, ज्यातला सर्वांत लाडका उपाय रस्त्यावर पाणी शिंपडणं हा आहे. धाराशिव शहराची कथा वेगळी नाही. शहर पाणी पितं ते सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं, लांबच लांब जलवाहिनीतून आलेलं, आणि नळाला ते रोज येतं असं म्हणण्याचं धाडस कुणी करत नाही. अशा गावात धूळ खाली बसवायला टँकर निघालाच, तर तो पहिला चौक तरी ओलांडेल का? आधी घागरी येतील, मग हंडे, मग ड्रम घेऊन दुचाकीवरचे लोक. धूळ राहील जागेवर आणि टँकर रिकामा होऊन परत येईल. तरी हवेवर परिणाम होईलच; निदान त्या गल्लीतली तापलेली हवा तेवढ्यापुरती निवळेल.

दिल्लीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये हवा धुण्यासाठी कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. ढगांत पुरेसा ओलावाच नव्हता, पाऊस काही पडला नाही. मराठवाड्यातल्या माणसानं ही बातमी वाचून पेपराची घडी घातली असेल. त्यानं २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ढगांमागं धावणारी विमानं पाहिलेली आहेत. प्यायच्या पाण्यासाठी जे झालं नाही, ते हवा धुण्यासाठी होईल, असं मानणाऱ्यांची दिल्लीकडं कमतरता नाही.

यादीबाहेरच्या गावांनाही सामावून घेणारी सोय राज्य सरकारनं केली. २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं, तेव्हा आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री होते. कल्पना देखणी. पृथ्वी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर आधारित स्पर्धा, आणि त्यात महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती, ग्रामपंचायती सगळे स्पर्धक. ज्या तत्त्वांपासून सृष्टी झाली म्हणतात, त्या तत्त्वांना मुख्याधिकाऱ्यांनी मार्क मिळवून द्यायचे. सुरुवातीला निकाल ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी. ऋषिमुनींनी पंचमहाभूतांवर पुष्कळ चिंतन केलं, पण त्यांना ती पोर्टलवर चढवावी लागली नाहीत.

या परीक्षेचा अभ्यासक्रम पाहिला तर वायूची अडचण ध्यानात येते. भूमीला झाडं आणि कचरा. जलाला तळी, विहिरी, पुनर्भरण. अग्नीला सौरदिवे, एलईडी, विजेवरची वाहनं. आकाशाला जनजागृती, उपक्रम, शपथा. या सगळ्यांचा फोटो निघतो. वायूचा निघत नाही. मग त्याच्या वतीनं दुसऱ्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं: सायकल फेरी, फटाकेमुक्त दिवाळीची शपथ, कचरा न जाळण्याचं आवाहन, पीयूसी तपासणीचं शिबिर. शिवाय हिशेबाचा घोळ आहेच. झाड लावलं की मार्क भूमीला. त्यानं पाणी प्यायलं ते जलाचं, प्राणवायू दिला तो वायूचा, आणि उन्हाळ्यात वाळून गेलं की ते अग्नीकडं वर्ग होतं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपरिषदेत ‘नो व्हेईकल डे’ साजरा होतो तेव्हाचं दृश्य ठरलेलं आहे. साहेब सायकलवर. साहेबांच्या सायकलला नवी घंटी. सायकलीपुढं फोटो काढणारा, तोंड मागं करून, मोटारसायकलवर. आणि सगळ्यांच्या मागं, पहिल्या गिअरमध्ये, साहेबांची गाडी. परत जायचं असतं ना. सायकल फेरी संपते तेव्हा त्या रस्त्यावर रोजच्यापेक्षा दोन वाहनं जास्तच धावलेली असतात.

खरं म्हणजे या जिल्ह्याला वाहनमुक्त दिवस कुणी शिकवायची गरज नाही. कोजागरीला तुळजाभवानीच्या दर्शनाला लाखो भाविक सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात. तेव्हा हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता वाहनांसाठी बंद होतो. मालमोटारी, बस, मोटारी सगळ्या दुसऱ्या रस्त्यानं वळवतात. पोलिस, नगरपरिषद, एसटी, महसूल सगळी खाती रात्रंदिवस राबतात. महामार्गाचा एवढा मोठा पट्टा धुराविना ठेवायचा म्हटला तर युरोपातल्या एखाद्या शहराला दहा वर्षं चर्चासत्रं घ्यावी लागतील. इथं आईच्या नावानं दरसाल होतं. फक्त हे कुणी वायूच्या खात्यावर मांडत नाही, कारण परिपत्रकात ते ‘यात्रा बंदोबस्त’ या शीर्षाखाली येतं.

झाडांचं मात्र सगळं वायूसाठीच चाललं आहे असं भाषणांतून वाटतं. धाराशिव हा राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथलं वनआच्छादन एक टक्काही भरत नाही. त्यामुळं वृक्षलागवडीला इथं जागेची कधी अडचण पडली नाही. राज्यात २०१६ साली दोन कोटी झाडांपासून सुरुवात झाली. मग चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. पुढं या झाडांचं काय झालं ते पाहायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. २०२५च्या जुलैमध्ये ‘हरित धाराशिव’ अभियानात जिल्ह्यानं एका दिवसात पंधरा लाख झाडं लावण्याचा विक्रम मांडला. शाळा, ग्रामपंचायती, बचतगट, सगळे खड्ड्यांपाशी हजर. एका दिवसात एवढी माणसं एका कामाला लागली, ही साधी गोष्ट नव्हे, आणि तिची टिंगल करण्याचं कारण नाही.

पण या जिल्ह्याचा आणखी एक विक्रम आहे आणि तो चार पायांवर चालतो. उस्मानाबादी शेळी. शहराचं उस्मानाबाद हे नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं, शेळीचं तेवढं राहिलं. काळी, काटक, बहुधा जुळी देणारी, दुष्काळात तगणारी आणि खाण्याच्या बाबतीत कसलाही भेदभाव न मानणारी ही जात देशभर नावाजलेली आहे. पशुसंवर्धन विभाग तिच्या वाढीसाठी गट वाटतो, सामाजिक वनीकरण विभाग रोपं वाटतो. दोन्ही योजना एकाच गावात, एकाच वर्षी यशस्वी झाल्या तर काय होईल, याचा विचार करायला दोन्ही विभागांची एकत्र बैठक व्हावी लागेल. तोवर शेळी ट्री गार्डच्या सळ्यांतून मान आत घालून आपलं मत नोंदवत असते. तिच्या दृष्टीनं हा कोवळा पाला पुरवणारा सरकारी कार्यक्रम आहे आणि तो दर पावसाळ्यात न चुकता राबवला जातो, याबद्दल ती समाधानी आहे. अपवाद तिला न रुचणाऱ्या झाडांचा. म्हणून धाराशिवच्या रस्त्यांकडेला जी झाडं मोठी झालेली दिसतात, त्यांच्या निवडीत वनस्पतिशास्त्रज्ञांइतकाच शेळीचाही वाटा आहे.

जंगल म्हणावं असं काही उरलं आहे ते येडशीच्या रामलिंग घाटात. तिथल्या अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये एक वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून काहीशे किलोमीटर चालत आलेला. लोकांनी वनखात्याला पुष्कळ कारणं विचारली. हवापालटासाठी आला असेल, हे साधं कारण कुणाला सुचलं नाही.

आता फटाके. ‘फटाकेमुक्त दिवाळी’ची शपथ राज्यभर घेतली जाते, तशी ती याही जिल्ह्यात घेतली जाते. फरक इतकाच, की वाशी तालुक्यातलं तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राची शिवकाशी म्हणूनच लोक त्याला ओळखतात. धुळे-सोलापूर महामार्गावरून जाणारी गाडी इथं दिवाळीआधी थांबतेच. गावात एका घरी दारू ठासून पोट भरतं आणि शेजारच्या शाळेत पोरं फटाके न उडवण्याची शपथ घेतात. दोघांनाही आपापलं काम मनापासून करायचं असतं. या कारखान्यांत स्फोट होऊन माणसं मेलेली आहेत, तेव्हा इथं चेष्टा आवरती घ्यावी. पण शपथ देणाऱ्यानं तेरखेड्यातल्या मजुराला दिवाळीनंतर काय काम द्यायचं, याचा एक रकाना पोर्टलवर ठेवायला हरकत नव्हती.

चुलीचंही तसंच झालं. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि बायाबापड्यांच्या डोळ्यातला धूर जावा म्हणून घरोघर सिलिंडर आला. चूल घराबाहेर पडली ती थेट महामार्गावर जाऊन बसली. ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’, आणि आता ‘चुलीवरचा चहा’. घरात होती तोवर ती गरिबी होती. ढाब्यावर गेल्यावर तिचा दर वाढला. शहरातला माणूस पैसे मोजून धूर खातो, आणि सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून वाडीवरची बाई फुकट.

भूम तालुक्यातल्या खव्याची गोष्ट जरा निराळी आहे. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा महाराष्ट्रात माहीत नाही असं गाव नसेल. २०२४ मध्ये या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खवा म्हणजे दूध आटवणं, आटवणं म्हणजे भट्टी, आणि भट्टी म्हणजे लाकूड. झाडाची वानवा असलेल्या तालुक्यात दिवसरात्र लाकूड जाळून हा गोडवा तयार होत आला. भट्टीपुढं बसलेल्या माणसाच्या छातीत काय जातं, हे मोजायला कुठल्या निर्देशांकाची गरज नव्हती. त्याचा खोकला वाड्यावर ऐकू यायचा. इथं सौरऊर्जेवर चालणारी खव्याची यंत्रं आली. त्यासाठी सायकल फेरी निघाली नाही. लाकडाचा खर्च वाचतो आणि धूर लागत नाही, एवढं कळलं आणि लोकांनी यंत्र घेतलं. धाराशिव जिल्ह्यात हवा सुधारण्याचं जे काही बरं काम झालं असेल, त्यात हे वरच्या नंबरात येईल.

साखर कारखान्यांबद्दल मात्र शेतकरी, सरकार आणि हवा या तिघांनाही एकदम काही बोलता येत नाही. ढोकी, रांजणी, चोराखळी, नळदुर्ग, मुरूम. गळीत हंगाम लागला की चिमण्या पेटतात. बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काजळी उडते आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर येऊन बसते. तक्रार कोण करणार? धोतर ज्याचं, ऊस त्याचाच, आणि बिल अजून यायचं असतं. ऊस तुटला की फडात पाचट उरतं. ते कुजवलं तर जमिनीचं सोनं होतं, असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो. काडीपेटी दोन रुपयांत मिळते, पाचट कुट्टीचं यंत्र मिळायला नंबर लावावा लागतो. बाकी अर्थशास्त्र ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

आणि तरी, या जिल्ह्यानं हवा कशी तयार करतात हेही देशाला दाखवलं. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयं ऑक्सिजनसाठी तडफडत होती. कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं आपला इथेनॉल प्रकल्प बदलून त्यातून वैद्यकीय ऑक्सिजन काढायला सुरुवात केली. साखर कारखान्यात असं करण्याचा देशातला हा पहिला प्रयोग म्हणून गाजला. इथेनॉलमधलं पाणी शोषून घ्यायला तिथं जी चाळणीसारखी व्यवस्था असते, तिच्यात योग्य झिओलाइट भरलं की ती हवेतला नायट्रोजन अडवते आणि ऑक्सिजन पुढं सोडते. ज्या चिमणीच्या काजळीला लोक नावं ठेवत, तिच्याच आवारातून सिलिंडर भरून निघाले. त्या महिन्यांत प्रत्येक तहसीलदाराला हवा किती टन आहे, तिची शुद्धता किती टक्के, गाडी कुठवर आली, हे तोंडपाठ होतं. हवेचा हिशेब सरकारी यंत्रणेला जमत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते दिवस आठवावेत. जमतो. फक्त हवा संपत आलेली असावी लागते.

एरवी हिशेब कसा होतो, त्याचा नमुना केंद्राच्या ‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’त आहे. यादीतल्या शहरांमध्ये दरवर्षी ही स्पर्धा होते. आपल्या अमरावतीनं तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या गटात २०२३ मध्ये पहिला नंबर काढला आणि २०२५ मध्ये पुन्हा, ७५ लाखांच्या बक्षिसासह. अमरावतीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण गुणपत्रिका वाचण्यासारखी आहे. कचरा जाळणं रोखल्याचे २० टक्के, रस्त्याच्या धुळीचे २०, वाहनांचे २०, उद्योगांचे २०, असं करत करत शेवटी एक रकाना येतो: हवेतली धूळ प्रत्यक्ष कमी झाली का? त्याला अडीच टक्के. जनजागृतीलाही अडीच टक्के. म्हणजे हवा सुधारणं आणि हवा सुधारण्याविषयी बोलणं, यांचं वजन सारखंच धरलं आहे.

परीक्षा घेण्याच्या बाबतीत धाराशिव जिल्ह्याचा जुना लौकिक आहे. तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव. संतमंडळी जमली असताना काकांनी मडकी तपासायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत कोण पक्कं, कोण कच्चं हे सांगितलं, अशी कथा आहे. नामदेव कच्चे ठरले. प्रत्यक्ष पांडुरंगाच्या लाडक्याला नापास करताना काकांनी त्याचा अर्ज, छायाचित्र, स्वयंमूल्यमापन काही मागवलं नाही. ठोकलं आणि आवाज ऐकला.

तसं थापटणं नगरपरिषदेच्या हवेवर मारायचं तर ते कचरा डेपोवर मारावं. शहरातला निम्मा धूर समजायला प्रयोगशाळा लागत नाही. पहाटे गल्लीच्या कोपऱ्यात पेटलेला ढीग दिसतो. घंटागाडी आली नाही म्हणून घरमालक पेटवतो. घंटागाडी भरली म्हणून सफाई कामगाराला ढीग पेटवावा लागतो. डेपोवर जागा नाही म्हणून डेपो आपणहून पेटतो. उन्हाळ्यात तो पेटला की आठवडाभर धुमसत राहतो आणि प्रत्येक वेळी ‘आग कशी लागली हे समजू शकलं नाही’ अशी बातमी येते. प्लॅस्टिक, रबर, ओला कचरा, जुन्या गाद्या यांचा तो एकत्रित वास एकदा नाकात बसला, की सायकल फेरीनं जात नाही. त्यात भुयारी गटारासाठी रस्ते उखडलेले, त्यांची कामं निविदा आणि राजकारण यांत अडकलेली, आणि त्यावरून धाराशिवमध्ये आंदोलनंही झालेली. या धुळीला नगरपरिषद ‘विकासकामामुळे होणारी तात्पुरती गैरसोय’ म्हणते. तात्पुरती या शब्दाइतकी वर्षं टिकलेली दुसरी वस्तू शहरात सापडायची नाही.

जवळपास चार वर्षं इथल्या नगरपरिषदांत प्रशासक बसले होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि आता पुन्हा नगराध्यक्ष आहेत, नगरसेवक आहेत, स्थायी समिती आहे, म्हणजे कुणाकडं जायचं हा प्रश्न उरलेला नाही. त्यांच्याकडं हवा मोजणारं यंत्र मागायला हवंच. ते येईल तेव्हा येईल. तोफ मागू नये, पाणी नाही. झाडं मागितली तर सोबत कुंपण मागावं आणि शेळीचंही मत घ्यावं.

तोवर एक गोष्ट मात्र आजच करता येण्यासारखी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २२ डिसेंबर २०१६ रोजी देशभरासाठी आदेश दिला: उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार. हा दंड वसूल करण्यासाठी ना यादीत नाव लागतं, ना निधी, ना पोर्टल. लागतं फक्त पावतीपुस्तक. तेव्हा वाचकहो, नगरपरिषदेत घरपट्टी भरायला जाल तेव्हा आरोग्य विभागाच्या टेबलाशी जरा थांबा आणि हे पुस्तक दाखवा म्हणून विचारा. वर्षभरात त्यातल्या किती पावत्या फाटल्या ते मोजून घ्या. आणि डेपो पेटला होता त्या आठवड्याची पावती कुणाच्या नावानं फाडली, तेही विचारायला विसरू नका.